लाव्हाखालचा जुना पाया

धाराशिव जिल्ह्यात जमिनीवर रूपांतरित खडक दिसत नाही. बालाघाटाच्या डोंगररांगा असोत, बोरी नदीकाठचा नळदुर्ग असो की शहराजवळची लेणी, दगड एकच: बेसाल्ट, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला लाव्हा. भूविज्ञानाच्या हिशेबात हे वय फार नाही. जिल्ह्याचा खरा पाया या लाव्हाखाली आहे, आणि त्याचा नमुना हाती आला तो एका आपत्तीमुळे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसर हादरला. तेरणाकाठची सास्तूरसारखी गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली. किल्लारी लातूर जिल्ह्यात असले तरी 1982 पर्यंत ते उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातच होते, आणि खडकांना तशीही जिल्ह्याची हद्द नसते. स्थिर मानल्या गेलेल्या दख्खनच्या पठारावर एवढा मोठा धक्का का बसला, याचा शोध घेण्यासाठी तिथे 617 मीटर खोल छिद्र घेऊन खडकाचे दंडगोल वर काढण्यात आले. पहिले 338 मीटर बेसाल्ट, मग जेमतेम आठ मीटर जुना गाळ, आणि त्यानंतर अगदी तळापर्यंत स्फटिकमय रूपांतरित खडक. बोअरच्या भाषेत सांगायचे तर सुमारे अकराशे फुटांवर काळा दगड संपतो आणि अडीचशे कोटी वर्षांपलीकडचा काळ लागतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी अनुसंधान संस्थेतील शास्त्रज्ञांनी या दंडगोलांचा अभ्यास केला. हा खडक अँफिबोलाइट ते ग्रॅन्युलाइट या श्रेणीचा, म्हणजे कवचाच्या मधल्या थरात भाजून निघालेला. असा खडक लाव्हाच्या लगेच खाली सापडतो याचा अर्थ सरळ आहे. लाव्हा पसरण्यापूर्वीच इथला कित्येक किलोमीटर जाडीचा वरचा भाग झिजून वाहून गेला होता आणि खोलातले खडक वर उचलले गेले होते.

खडक किती खोल होता हे कळते कसे? उत्तर खनिजांत आहे. भंडारा जिल्ह्यात कायनाइट आणि सिलिमनाइट या खनिजांच्या जुन्या खाणी आहेत. या दोघांचे आणि अँडॅलुसाइटचे रासायनिक सूत्र एकच: अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे तेच प्रमाण. फरक फक्त अणूंच्या मांडणीचा, आणि ती मांडणी ठरते दाब व तापमान यांवरून. दाब जास्त आणि उष्णता बेताची असेल तर निळसर पात्यांसारखा कायनाइट तयार होतो. उष्णता चढली की सिलिमनाइट. दाब कमी असेल तर अँडॅलुसाइट. मूळ चिखल एकच असला तरी कोणते खनिज तयार झाले यावरून तो किती खोल गेला आणि किती तापला, याचा अंदाज बांधता येतो. रूपांतरित खडकाची ही नोंद कोट्यवधी वर्षे टिकते, म्हणून भूपट्टांच्या इतिहासाचा माग काढताना ती मोलाची ठरते.

आज एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो तेव्हा सागरतळाचा थंड खडक झपाट्याने खाली जातो. त्यावर दाब प्रचंड येतो, पण तापायला पुरेसा वेळ मिळत नाही. शेजारच्या ज्वालामुखींच्या पट्ट्यात मात्र कमी खोलीवरच खडक तापतात. जपानमधील असे जोडपट्टे अकिहो मियाशिरो यांनी 1961 मध्ये दाखवून दिले. पुढे, एकाच काळातले एक थंड व एक उष्ण असे दोन पट्टे ही भूपट्टांच्या हालचालीची खूण मानली जाऊ लागली.

अडचण अशी की आरंभीची पृथ्वी आजच्यापेक्षा बरीच उष्ण होती. त्या काळात ‘थंड’ पट्टाही आजच्या इतका थंड नसणार. अतिशय थंड परिस्थितीत घडणारा निळा सुभाजा (ब्लूशिस्ट) हा रूपांतरित खडक अगदी जुन्या खडकांत आढळत नाही. एरवी ठिकठिकाणी सापडणारा हा खडक गेल्या सुमारे 80 कोटी वर्षांतलाच आहे. एवढ्यावरून भूपट्ट तेव्हाच सरकू लागले असे म्हणणे घाईचे ठरेल. रॉबर्ट होल्डर, मायकेल ब्राउन आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये जगभरातील शेकडो ठिकाणच्या नोंदी एकत्र मांडल्या. उष्ण आणि तुलनेने थंड असे दोन गट सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वीपासून हळूहळू वेगळे होत गेले, असे त्यातून दिसले. म्हणजे ही यंत्रणा एका दिवसात सुरू झालेली नाही.

किल्लारीचा पायाखडक नेमका याच उंबरठ्यावरचा. तो धारवाड भूखंडाच्या पूर्व भागाचा, कर्नाटकातून उत्तरेकडे लाव्हाखाली शिरणारा भाग मानला जातो. कर्नाटकात जिथे हा भूखंड उघडा आहे, तिथे पश्चिम भागातील खडकांत कायनाइट-सिलिमनाइट, तर पूर्व भागात अँडॅलुसाइट-सिलिमनाइट आढळतात. पश्चिमेला दाब जास्त, पूर्वेला उष्णता जास्त. ब्रायन चॅडविक, वासुदेव आणि हेगडे यांनी 2000 साली याचा अर्थ भूपट्टांच्या टकरीत लावला: पश्चिम भाग जुना खंड, पूर्व भाग त्याला येऊन भिडलेला ज्वालामुखींचा पट्टा. दुसरा गट मात्र ही उष्णता खोलातून वर आलेल्या तप्त प्रवाहाची मानतो. त्यासाठी भूपट्टांची गरज नाही. दोन्ही बाजूंचे पुरावे भक्कम असले तरी पूर्व-पश्चिम फरक इतका ठसठशीत आहे की टकरीचे स्पष्टीकरण अधिक पटते. मात्र उष्ण बाजूच्या एका छिद्रावरून जोडीचा निवाडा होत नाही.

म्हणूनच कोयनेचे महत्त्व. तिथे भूकंप अभ्यासासाठी घेतलेल्या छिद्रांनी काही ठिकाणी एक किलोमीटरहून अधिक जाडीचा बेसाल्ट भेदून ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म गाठले आहेत. गोठणे येथील छिद्र 2017 मध्ये तीन किलोमीटर खोलीपर्यंत पोहोचले. कोयना पश्चिमेला आणि किल्लारी पूर्वेला असल्याने लाव्हाखालच्या धारवाड भूखंडाच्या दोन्ही बाजूंचे दगड आता महाराष्ट्रातूनच तुलनेसाठी उपलब्ध आहेत.