एरंडेलातून पीचचा सुगंध

अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रसायनांचे कारखाने आहेत. रसायन म्हटले की आपल्याला उग्र वासच आठवतो. पण काही सूक्ष्मजीव चक्क सुगंध बनवतात!

नाक दाबून प्यायचे एरंडेल तुम्हांला ठाऊक आहेच. त्यातील सुमारे 90 टक्के मेदाम्ल 'रिसिनोलिक' जातीचे असते. त्याच्या रेणूत 18 कार्बन अणूंची साखळी असते. 'यारोविया लिपोलिटिका' नावाच्या यीस्टला एरंडेल खाऊ घातले, की ते ऊर्जेसाठी ही साखळी तोडू लागते. आम्लाच्या टोकाकडून दर फेरीत 2 कार्बन सुटतात. चार फेऱ्यांनंतर उरतात 10. मग साखळीवरचा हायड्रॉक्सिल गट वळून आम्लगटाला जोडला जातो, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि कडे तयार होते. हेच गॅमा-डेकालॅक्टोन, पीच फळाच्या वासाचा एक मुख्य घटक! मिठाई-आइस्क्रीममध्ये तो स्वादासाठी वापरतात.

अडचण एकच. यीस्टची भूक तेथे थांबत नाही. तयार झालेला सुगंधही ते खाऊन टाकते. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याची पुढची साखळी तोडणारी विकरे निकामी केलेल्या जाती घडवल्या. त्यामुळे अधिक सुगंध हाती उरू लागला.