‘डिग अप’ : खणायचं, उकरायचं की उजेडात आणायचं?

स्पर्धा परीक्षांसाठी दिल्लीत राहणाऱ्या मराठी मुलांनी इंग्रजी वर्तमानपत्राचं शहराचं पान उघडलं, की ‘डिग अप’ हे क्रियापद हमखास समोर येतं. जलवाहिनीसाठी किंवा केबलसाठी रस्ता ‘डग अप’ केलेला असतो. तिथे ‘खणला’ एवढं म्हटलं की काम भागतं. हिवाळ्यात हवा फार बिघडली आणि प्रदूषण रोखण्याच्या टप्प्याटप्प्याच्या कृती आराखड्याचा, म्हणजे ‘ग्रॅप’चा, तिसरा टप्पा लागू झाला, की पायाचं खोदकाम आणि उघडे चर खणून वाहिन्या टाकण्याची कामं बंद होतात. त्या आदेशात मात्र ‘डिग अप’ नसतं, ‘एक्स्कव्हेशन’ असतं. रहिवासी तक्रार करताना एक शब्द वापरतो, सरकारी कागद दुसरा. खड्डा तोच असतो.

व्याकरणाची एक गोष्ट आधीच सांगतो, कारण परीक्षेत नेमकी इथेच चूक होते. नाम असेल तर ‘डिग अप द रोड’ आणि ‘डिग द रोड अप’ ही दोन्ही रूपं चालतात. ‘इट’ किंवा ‘देम’ आलं तर ते मधेच बसलं पाहिजे : ‘डिग इट अप’. ‘डिग अप इट’ चूक.

आता समानार्थी शब्द. ते शब्दकोशात एका ओळीत बसतात, वापरात बसत नाहीत. रोहतक जिल्ह्यातलं फरमाना घ्या. हा जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच येतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली तिथे हडप्पा संस्कृतीची वसाहत आणि मोठी दफनभूमी खणली. तिथे मिळालेल्या भांड्यांवर आणि माणसांच्या दातांवर पुढे हळद आणि आलं यांच्या पिष्टकणांचे अंश ओळखता आले. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या जेवणाची चव दातांनी जपून ठेवली होती! ही बातमी इंग्रजीत लिहायची झाली तर वसाहत ‘एक्स्कव्हेट’ केली जाते आणि भांडी ‘अनअर्थ’ होतात. जागेचं उत्खनन होतं, वस्तू उजेडात येतात. ‘डिग अप’ही चालेल, पण त्यात शास्त्रीय काळजीचा भाव नाही. मातीचा थर न् थर नोंदवत महिनोन् महिने चाललेल्या कामाला तो शब्द उथळ वाटतो.

बागपत जिल्ह्यातल्या सिनौलीची सुरुवात वेगळी झाली. तिथे शेत सपाट करताना जुने अवशेष वर आले. मग भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने 2005-06 मध्ये खोदकाम करून 116 दफनं नोंदवली, आणि 2018 मध्ये तांब्याने मढवलेल्या शवपेट्या व चाकांची वाहनं सापडली. ती वाहनं रथ की गाड्या, यावर अभ्यासकांत वाद आहे. शेतात असे अचानक वर आलेल्या अवशेषांसाठी ‘टर्न अप’ शोभतं : न शोधता मिळालेलं. पुरलेला मृतदेह तपासासाठी बाहेर काढायचा असेल, तर त्यासाठी ‘एक्झ्यूम’ हा वेगळाच, कायद्याच्या वळणाचा शब्द आहे.

पण ‘डिग अप’चा खरा रोजचा वापर मातीबाहेर आहे. जुना दाखला, हरवलेला फोटो, विस्मृतीत गेलेलं पत्र. त्यात एक अट असते : कष्ट. टेबलावर समोर पडलेला कागद कोणी ‘डिग अप’ करत नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांचं काम या अर्थाचं सर्वांत मोठं मराठी उदाहरण आहे. 1898 मध्ये त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड छापला. त्यात वाईला मिळालेली, 1750 ते 1761 या काळातली, पानिपतापर्यंतची पत्रं होती. पानिपत आज राजधानी क्षेत्रातला एक जिल्हा आहे, आणि त्या रणभूमीचा हा पुरावा साताऱ्याच्या बाजूला एका दप्तरात पडून होता. गावोगाव पायपीट करून, घरोघरी आर्जवं करून राजवाड्यांनी असे कागद मिळवले. त्यांच्या या कामासाठी ‘उकरून काढले’ लिहिणं हा त्यांचा अपमान होईल. त्यांनी ते उजेडात आणले.

कारण मराठीत ‘उकरणे’ला एक डंख आहे. कोंबडी उकिरडा उकरते, भांडखोर माणूस जुनं भांडण उकरून काढतो, आणि वैतागलेली आई म्हणते, ‘आता ती मढी उकरू नकोस.’ निवडणुकीच्या दिवसांत दिल्लीच्या इंग्रजी पत्रांत दिसणारं ‘डिग अप डर्ट’ इथलंच. त्याला आपल्याकडे ‘कुलंगडी बाहेर काढणे’ हा नेमका शब्दप्रयोग आहे. जुना वाद मुद्दाम पेटवायचा असेल तर इंग्रजीत ‘रेक अप’. गुन्ह्याचा शोध असेल तर आपण ‘छडा लावला’ म्हणतो, आणि शेतातले बटाटे नुसते ‘काढतो’.

म्हणजे इंग्रजी ‘डिग अप’मागचा हेतू संदर्भावरून ओळखावा लागतो, तर मराठीत तो क्रियापदातच सांगावा लागतो. म्हणून भाषांतर करताना ‘खोदून काढणे’ सगळीकडे चिकटवू नका. या आठवड्यात वर्तमानपत्रात हे क्रियापद भेटलं, की आधी पाहा, कोण खणतंय आणि कशासाठी. मग मराठी क्रियापद निवडा.