परसातली कोंबडी (भाग ७) : खुडूक

या आठवड्यात लिहायचं होतं खाद्यावर, पण आमच्या तांबडीने विषय बदलला. चार दिवस झाले, टोपलीतून उठायचं नाव नाही. हात पुढे केला की पिसं फुलवते, घशातल्या घशात कुरकुरते आणि चोच मारते. खुडूक झाली.

पूर्वी असल्या कोंबडीचे फार हाल होत. कुणी तिला पाण्यात बुचकळून काढी, कुणी नाकपुडीतून पीस ओवी, कुणी डालग्याखाली कोंडून ठेवी. राग एवढाच, की अंडी थांबली. पण हा काही रोग नव्हे. दहा-पंधरा अंडी घालून झाली की गावरान कोंबडीच्या रक्तात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, अंडी बंद होतात आणि तिला बसायची ओढ लागते. आपण नुसत्या बसून राहणाऱ्या माणसाला खुडूक म्हणतो, तो कोंबडीवर अन्याय आहे.

गिरिराज, वनराज या सुधारित जाती गावरानपेक्षा दुपटीच्या आसपास अंडी देतात, कारण निवड करत करत त्यांच्यातली ही ओढच जवळजवळ काढून टाकली आहे. मग पिलं हवीत तर दर खेपेला विकत आणा. म्हणून माझं मत असं, की परसात काहीही पाळा, दोन-तीन गावरान कोंबड्या ठेवाच. त्यांच्याखाली गिरिराजची अंडीही उबतात. मात्र ती मोठी. गावरान दहा-बारा मावतात तिथे गिरिराजची सात-आठच.

अंडी आठवड्याच्या आतली घ्यावीत, फ्रिजमधली नकोत, आणि ती धुऊ नयेत. कवचावर एक पातळ थर असतो, तो गेला की आत जंतू शिरतात. तांबडीच्या टोपलीत तळाला राख घातली (उवांसाठी), वर भाताचा पेंढा, आणि टोपली पडवीतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने फुली. ही फुली फार कामाची, कारण बाकीच्या कोंबड्यांनाही नेमक्या त्याच उबदार टोपलीत अंडं घालायचं असतं. बिनफुलीचं दिसलं की रोजच्या रोज काढायचं. कोंबडी बसवायची ती रात्री. अंधारात ती कुरबूर करत नाही.

दिवसातून एकदा ती उठते. खाते, पाणी पिते, धुळीत लोळते आणि एवढी मोठी, एवढी घाण विष्ठा टाकते की नवख्याला वाटावं हिला काहीतरी झालंय. दिवसभर दाबून धरलेलं असतं, दुसरं काही नाही. पंधरा-वीस मिनिटं अंडी निवली तरी बिघडत नाही. तिला हाकलत परत नेऊ नका.

सातव्या रात्री अंडी बॅटरीवर धरून बघायची. जीव धरला असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात. कोरी दिसली ती काढून टाकायची. आमची आजी टोपलीत एक लोखंडी खिळा आणि सुकी मिरची ठेवायची, गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून. खिळ्याने काय होतं कोण जाणे, पण मी अजून ठेवतो.

अठराव्या दिवसानंतर मात्र हात आखडता घ्यावा. आत पिलू बाहेर पडायच्या बेतात वळलेलं असतं. विसाव्या दिवशी कान लावलात तर कवचातून चिवचिव ऐकू येते आणि वरून तांबडीचं हलकं कुकुक्. एकविसाव्या दिवशी चोचीच्या टोकावरच्या बारीक दाताने पिलू कवच टोचतं. फोडायला तासन् तास लागतात. आपण मदतीला जाऊ नये, पुष्कळदा रक्तस्राव होऊन पिलू जातं. पहिलं पिलू उपाशी राहील ही काळजीही नको. बाहेर येण्याआधी त्याने उरलेला बलक पोटात ओढून घेतलेला असतो, त्यावर दोनेक दिवस निघतात. तेवढ्यात मागची भावंडं येतात, आणि मग आई टोपली सोडते.

तांबडी सोमवारी रात्री बसली आहे. पिलं आली की पहिल्या आठवड्यातच मानमोडीची लस द्यायची असते, तेव्हा पुढच्या भागात आधी तेवढं उरकून घेऊ. खाद्य त्यानंतर.