गाडी गिअरची की बिनगिअरची?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा झाले असतील. सासूबाईंना एकाएकी दम लागला. आमचे हे एसटीने नागपूरला गेलेले. दारात आमची गाडी उभी, किल्ली खुंटीला, आणि मी मात्र शेजाऱ्यांचं दार ठोठावत होते. कारण मी गाडी शिकायला घेतली आणि अर्ध्यात सोडून दिली होती. क्लच सोडला की गाडी उडी मारायची अन् बंद पडायची. मागून हॉर्न वाजले की माझा पाय थरथरायचा. शेवटी म्हटलं, जाऊ दे, आपल्याला नाही जमत.

शेजारचा मुलगा धावून आला. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात वेळेवर पोचलो, सासूबाई सुखरूप घरी आल्या. पण तो उठून येईपर्यंतची दहा-पंधरा मिनिटं मी अजून विसरले नाही.

गाडी शिकायचीच, हे त्या रात्रीच ठरलं. जुनी गाडी तशीही बदलायची होती. मग घरात वाद सुरू झाला, गिअरची घ्यायची की ऑटोमॅटिक? धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, ऑटोमॅटिक म्हणजे लेडीज गाडी. खरी गाडी गिअरचीच." सासूबाई पलंगावरून बोलल्या, "लेडीज तं लेडीज. मले दवाखान्यात नेणारी पाहिजे!"

हा 'लेडीज' शिक्का काही नवा नाही. आपल्या आधीच्या पिढीला आठवेल, बजाज चेतकचा गिअर डाव्या मुठीत असायचा आणि ती सुरू करायला लाथ मारावी लागायची. १९८४ साली कायनेटिक होंडा आली. बटण दाबलं की सुरू, गिअर बदलायची कटकट नाही. साडी नेसून नोकरीला जाणाऱ्या कितीतरी जणींनी तिच्यावरून पहिल्यांदा स्वतःचा रस्ता धरला. २००१ मध्ये अॅक्टिव्हा आली. आज गावोगाव घरातले पुरुषही बिनगिअरच्या स्कूटरवरूनच भाजी आणतात. तेव्हा कोणी 'लेडीज गाडी' म्हणत नाही!

भानगड नेमकी काय?

इंजिन सतत फिरत असतं. त्याची ताकद चाकांना कमी-जास्त करून द्यायचं काम गिअरचं, आणि गिअर बदलताना इंजिन व चाकांचा संबंध क्षणभर तोडायचं काम क्लचचं. मॅन्युअलमध्ये हे आपण हातापायांनी करतो, ऑटोमॅटिकमध्ये गाडी स्वतः करते.

आपल्या खिशाला परवडणाऱ्या छोट्या गाड्यांत बहुतेक वेळा मिळते ती 'एएमटी'. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून ती सामान्य घरांपर्यंत आली. हिच्यातला गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. त्यामुळे किंमत साधारण पन्नास हजारांच्या आसपासच वाढते. मात्र गिअर बदलताना किंचित झटका बसतो, मान डोलल्यासारखी होते. सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टरची गाडी लोण्यासारखी चालते, पण तिला बरेच जास्त पैसे मोजावे लागतात.

आपला रस्ता कोणता?

जाहिरात बघून गाडी घेऊ नये, आपला रस्ता बघून घ्यावी. रोहण्याहून आर्वीला किंवा पुलगावला निघालं की कापसाच्या दिवसांत पुढे भरलेल्या गाड्या, मध्येच बैल, बकऱ्या. बाजाराच्या दिवशी तर चार पावलं चालायचं आणि थांबायचं. अशा वेळी क्लचवरचा डावा पाय भरून येतो, गुडघे दुखणाऱ्या बायकांना विचारा! इथे ऑटोमॅटिकचं सुख कळतं. विरूळजवळून समृद्धी महामार्गावर चढलं की मात्र दोन्ही गाड्या सारख्याच, कारण तिथे गिअर बदलायची वेळच फारशी येत नाही. त्या रस्त्यावर दुचाकीला मनाई आहे, म्हणजे स्कूटीवर भागवणाऱ्या बाईलाही तिथे चारचाकीच हवी.

मॅन्युअलचीही बाजू ऐका. बॅटरी उतरली तर चार जणांनी धक्का दिला की ती सुरू होते. ऑटोमॅटिक बहुधा होत नाही. क्लचप्लेट तालुक्याचा मिस्त्रीही बदलून देतो, एएमटीचं यंत्र बिघडलं तर कंपनीच्या वर्कशॉपची वाट धरावी लागते. आणि काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर चिखलातून गाडी काढताना क्लच आपल्या पायाखाली असलेला बरा.

दिरांना मी आणखी एक गोष्ट सांगितली. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतली बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन, त्याला न सांगता, दोन मुलांसह माहेरी गेली. सुमारे शंभर किलोमीटर! चढ आला की गाडी दमायची, उतरून ढकलावी लागायची. परतल्यावर तिने नवऱ्याला सुचवलं, चढासाठी आणखी एक गिअर बसवा. गिअरची अक्कल बायकांना नसते म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दीर हसले आणि गप्प बसले.

मी काय केलं?

दुचाकीच्या लायसनवर गिअरची-बिनगिअरची असा भेद असतो, कारच्या लायसनवर आपल्याकडे तो नाही. म्हणून मी शिकले ती जुन्या गिअरच्या गाडीवरच. दोन महिने लागले, तीनदा रडले, पण आता वेळ पडली तर कोणाचीही गाडी काढू शकते. आणि विकत घेतली ती एएमटी. कारण त्या रात्रीसारखी वेळ पुन्हा आली, तर घाबरलेल्या हातापायांना एक काम कमीच असलेलं बरं. बॅटरी मात्र आठवणीने तपासून घेते.

मैत्रिणींनो, शोरूममध्ये गेलात तर चाचणीला स्वतः बसा, यजमानांना मागच्या सीटवर बसवा. गर्दीत चालवून बघा, चढावर थांबवून बघा. गाडी मागे सरकते का, तेही पाहा. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने दाबायचे, डावा पाय मध्ये आणायचा नाही. एएमटीत बहुधा पार्किंगचा 'पी' नसतो, म्हणून उतरण्याआधी हँडब्रेक ओढायला विसरू नका.

गिअरची घ्या की बिनगिअरची, ते तुमचा रस्ता, तुमचे गुडघे आणि तुमचा खिसा ठरवेल. पण 'तुला काय जमणार' या एका वाक्यावरून ठरवू नका. आमची किल्ली अजूनही त्याच खुंटीला असते. रात्री-बेरात्री ती काढायला आता मी शेजाऱ्यांना उठवत नाही.