घरात झाडं लावल्यानं खरंच फरक पडतो का? रीलमधलं खरं किती, खोटं किती?

"हे एक रोप बेडरूममध्ये ठेवा, रात्रभर ऑक्सिजन मिळेल." "या पाच झाडांनी घरातली हवा शुद्ध होते." अशी एखादी रील तुमच्याही फीडमध्ये आली असेलच. ती बघून आपण रविवारी नर्सरीत जातो, दोन-तीन कुंड्या घेऊन येतो. महिन्याभरात त्यातली एक वाळते आणि उत्साहही वाळतो.

मग झाडं लावून फायदा होतो की नाही? होतो. फक्त रीलमध्ये सांगतात तो नाही.

हवा शुद्ध होते, हा दावा आला कुठून?

१९८९ मध्ये अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेनं एक प्रयोग केला. छोट्या बंद पेटीत रोपं ठेवून बेंझिन, फॉर्माल्डिहाइड असे वायू सोडले. रोपांमुळे त्यांचं प्रमाण घटलं. तेव्हापासून 'नासानं सांगितलेली झाडं' अशा याद्या फिरत आहेत.

पण आपलं घर ही बंद पेटी नाही. दारं-खिडक्यांतून हवा सतत ये-जा करत असते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी असे जुने प्रयोग एकत्र तपासले. घरातली हवा जितकी आपोआप बदलते, तितकंच काम झाडांकडून करून घ्यायचं तर एका चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं त्यांना दिसलं. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत कमीत कमी ९० कुंड्या! त्यापेक्षा खिडकी उघडणं सोपं.

आणि स्नेक प्लांट? ते रात्री कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, हे खरं. पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो. अंधाऱ्या बेडरूममध्ये ते रात्रभर ऑक्सिजन देत बसत नाही.

मग फायदा नक्की कशाचा?

१९८४ मध्ये रॉजर उलरिच या संशोधकाचा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलमध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्या रुग्णांना खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांना विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेवरची कडक औषधंही कमी लागली. अभ्यास छोटा होता, पण त्यानंतर हॉस्पिटलची रचना करताना या गोष्टीचा विचार होऊ लागला.

हे झालं नुसतं बघण्याचं. हात मातीत घातल्यावर काय होतं?

नेदरलँड्समध्ये २०११ मध्ये आधीपासून बागकाम करणाऱ्या ३० जणांवर प्रयोग झाला. सगळ्यांना आधी डोक्याला ताण देणारं काम दिलं. मग अर्धा तास काहींनी बागेत काम केलं, काहींनी घरात बसून वाचन केलं. कॉर्टिसोल, म्हणजे ताण आल्यावर शरीरात वाढणारं हार्मोन, दोन्ही गटांत उतरलं, पण बागकाम करणाऱ्यांमध्ये जास्त. त्यांचा मूडही पूर्ववत झाला. वाचणाऱ्यांचा झाला नाही.

असं का होतं?

मानसशास्त्रज्ञ रेचेल आणि स्टीफन कॅप्लन यांनी याचं एक कारण मांडलं. ऑफिसचं काम, ट्रॅफिक, मोबाइलची नोटिफिकेशन्स, या सगळ्यात आपण जोर लावून लक्ष देतो आणि मेंदू थकतो. हलणारी पानं, नवा कोंब, फुलावर आलेली मधमाशी मात्र लक्ष वेधून घेतात, ताण देत नाहीत. तेवढ्या वेळात थकलेल्या मेंदूला विसावा मिळतो.

थोडक्यात, रोप आपल्यासाठी काय करतं यापेक्षा आपण रोपासाठी रोज काय करतो, फायदा तिथे आहे. कोपऱ्यात ठेवून विसरलेल्या कुंडीतून तो मिळणार नाही. आणि हो, नैराश्य किंवा सततची चिंता असेल तर बागकाम सोबतीला चांगलं, पण डॉक्टरांना पर्याय नाही.

जागाच नाही, मग काय करायचं?

मुंबईतलंच उदाहरण घ्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनची जबाबदारी सांभाळणाऱ्या प्रीती पाटील यांनी साधारण २००२ पासून कँटीनच्या गच्चीवर बाग फुलवली. स्वयंपाकघरातला ओला कचरा रोज निघायचाच, त्याचंच खत झालं. त्यावर भाज्या आणि फळझाडं वाढली.

तुम्हाला एवढं मोठं काही करायची गरज नाही. खिडकीत दोन-चार तास ऊन येत असेल तर एवढं करा:

• मेथी किंवा कोथिंबिरीपासून सुरुवात करा. धणे हलके रगडून दोन भाग करा, मग पेरा. मेथी महिन्याभरात खुडायला येते.

• कुंडीला खाली भोक हवंच. बोट मातीत खुपसून बघा, आत कोरडं लागलं तरच पाणी घाला. घरातली रोपं बऱ्याचदा जास्त पाण्यानंच मरतात.

• नुसती माती जड होते. त्यात कोकोपीट, सुका पालापाचोळा आणि शेणखत मिसळा.

• कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी ओता. डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या पाण्यात होतात.

• सकाळची दहा मिनिटं झाडांसाठी ठेवा, आणि त्या वेळात फोन घरातच राहू द्या.

एखादं रोप मेलं तर 'आपल्या हाताला झाडं लागत नाहीत' असं म्हणून सोडून देऊ नका. मुठभर मेथीदाणे स्वयंपाकघरात असतातच. पुन्हा पेरा. तीन-चार दिवसांत माती फोडून हिरवे कोंब वर येतील, आणि सकाळी उठल्यावर फोनआधी तुम्ही ती कुंडी बघायला जाल.