दोन रंग, पन्नास डॉलर आणि अक्षरं

एका रेकॉर्डच्या कव्हरवर शेकडो उद्गारचिन्हं छापली आहेत. ओळीखाली ओळ, काळीभोर, एकमेकांना खेटून. सॅक्सोफोनवादक जॅकी मॅक्लीनचा फोटो वर कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. रेकॉर्डचं नाव ‘इट्स टाइम!’. नावाच्या शेवटी एकच उद्गारचिन्ह होतं. कव्हर करणाऱ्या रीड माइल्सनं तेवढंच उचललं आणि त्याची फौज उभी केली. चित्र नाही, नक्षी नाही. तरी कव्हर हातात घेतल्यावर कुणीतरी ड्रमवर सपासप काठ्या मारतंय असं वाटतं.

संगीताच्या कव्हरसाठी कुठला फॉन्ट चांगला, असं कुणी विचारलं की मला हे कव्हर आठवतं. उद्गारचिन्हाला कुठला फॉन्ट लागतो?

थोडं मागं जायला हवं. रेकॉर्डला चित्राचं कव्हर असावं, ही कल्पना रुजली १९४० पासून. तोवर सहसा मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तीन-चार तबकड्या फोटोंच्या अल्बमसारख्या पुठ्ठ्याच्या वहीत बांधून विकत; ‘अल्बम’ हा शब्द तिथूनच आला. वहीचा रंग करडा नाहीतर मातकट आणि वर नाव ठोकलेलं. कोलंबिया कंपनीतल्या तेविशीच्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइसला ही कव्हरं थडग्यांसारखी वाटत. रॉजर्स आणि हार्ट या जोडीच्या गाण्यांचा अल्बम निघायचा होता, तेव्हा त्यानं न्यूयॉर्कच्या इम्पीरियल थिएटरच्या मालकाला गळ घातली आणि दारावरच्या दिव्यांच्या पाटीवरची अक्षरं तासाभरासाठी बदलून घेतली. तिथं झळकलं अल्बमचं नाव, आणि फोटो निघाला. म्हणजे त्याच्या पहिल्याच सचित्र कव्हरवर अक्षरं आली ती छापखान्याच्या केसमधून नव्हे, रस्त्यावरून. पुढं त्यानं आपल्या हाताचं गिचमिड्या वळण इतकं वापरलं की ‘स्टाइनवाइस स्क्रॉल’ या नावानं त्याचा टाइपच झाला.

पण खरी गोष्ट ब्लू नोटची आहे. आल्फ्रेड लायन आणि फ्रान्सिस वुल्फ हे बर्लिनचे जुने मित्र. लायननं १९३९ मध्ये न्यूयॉर्कला ही जॅझची कंपनी काढली. वुल्फ त्याच वर्षी हिटलरच्या जर्मनीतून निसटून त्याला येऊन मिळाला. लायन संगीत बघे, वुल्फ हिशेब ठेवी आणि रेकॉर्डिंग चालू असताना फोटो काढी. १९५० च्या दशकाच्या मध्याला दहा इंची रेकॉर्ड मागं पडून बारा इंची आली, कव्हरला सुमारे एकतीस सेंटिमीटरचा चौकोन मिळाला, आणि १९५६ च्या सुमारास ‘एस्क्वायर’ मासिकातून आलेल्या माइल्सला तो भरायचं काम मिळालं. दर कव्हरमागे पन्नास डॉलर. रंग एक, फार तर दोन. पुढच्या अकरा-एक वर्षांत त्यानं जवळपास पाचशे कव्हरं केली.

माइल्सला जॅझ आवडत नसे. त्याचा जीव पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात. कंपनीकडून मिळालेल्या रेकॉर्डी तो देऊन टाकी, नाहीतर विकून मोकळा होई. मग सूर कव्हरवर उतरत कसा? लायन त्याला रेकॉर्डचं नाव सांगे, वादक कोण, मिजाज काय, ते सांगे. बाकी सगळं माइल्स त्या नावातूनच काढी. मला तर वाटतं, न ऐकण्याचा त्याला फायदाच झाला. ऐकणारा माणूस सुरांचं चित्र काढायला बसतो आणि ढग, लाटा, ट्रम्पेट काढत राहतो. माइल्सच्या हातात फक्त शब्द होता.

जो हेंडरसनच्या ‘इन ’न आउट’वर शब्दांच्या रेघाच वळत-वळत बाण होतात; आय अक्षराच्या टिंबात वादकाचा चेहरा बसवलाय. ली मॉर्गनच्या ‘द रम्प्रोलर’वर अक्षरं ओढून, वाकवून फुगवलेली. लॅरी यंगच्या ‘युनिटी’वर यू अक्षराच्या पोटात चार ठिपके, कारण वादक चार. वुल्फनं जिवापाड काढलेल्या फोटोंवर मात्र तो निर्दयपणे कात्री चालवी, कपाळं उडवी, वुल्फ चिडे. दोघांचंही बरोबर होतं, पण कव्हर माइल्सचं बरोबर असे.

एरिक डॉल्फीच्या ‘आउट टु लंच!’साठी तर त्यानं अक्षर लिहिलं-जुळवलंच नाही असं म्हणता येईल. दुकानाच्या दारावर ‘परत येतो’ सांगणारी घड्याळाची पाटी असते ना, तिचा फोटो. त्या घड्याळाला काटे सात. परत कधी येणार, कुणालाच कळू नये असे. रेकॉर्डिंग २५ फेब्रुवारी १९६४ चं. डॉल्फी २९ जूनला बर्लिनमध्ये वारला. पाटी बाजारात आली तेव्हा तिचा अर्थ बदललेला होता.

आपल्याकडं हे जमेल का? तसंच्या तसं नाही. रोमन अक्षरं सुटी करून लांब-लांब मांडता येतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचा कणा मोडतो. दोन ओळी एकमेकींवर दाबून बसवाव्यात तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. रोमनसारखा कॅपिटल-स्मॉल असा भेदही नाही. पण शिरोरेघ ताणता येते, उडवता येते, वेलांटी डोक्यावरून पार पुढं नेता येते. कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत हेच केलं: इवलीशी जागा, फक्त काळी शाई, आणि नाटकाचं नाव स्वतःच भूमिका करायचं. २०२० मध्ये ते गेले. माइल्सची आणि त्यांची अडचण सारखीच होती, आणि उत्तरही. आज मात्र फुकट मिळणाऱ्या देवनागरी फॉन्टांची रांग लागलेली असताना भावगीत, लावणी आणि रॅप यांच्या कव्हरांवर तोच एक जाडा टाइप, मागं सावली, कडेला सोनेरी रेघ. मोबाइलच्या पडद्यावर कव्हर नखाएवढं झालंय, ही सबब मला पटत नाही. नखाएवढ्या जागेत चार ठिपक्यांचं यू अजून ओळखू येतं.

ब्लू नोटच्या कित्येक कव्हरांच्या पाठीवर बारीक टाइपात छापलेलं असे: कव्हर रीड माइल्सचं, फोटो फ्रान्सिस वुल्फचे. तुमच्या घरी माळ्यावर मराठी गाण्यांच्या जुन्या एल.पी. असतील. या दिवाळीच्या साफसफाईत त्या खाली काढाल तेव्हा पाठ उलटून बघा. गीतकार, संगीतकार, गायक सापडतील. अक्षरं काढणाऱ्याचं नाव कुठं दिसलं, तर ते वहीत टिपून ठेवा.