गाडीतला फ्रीज आणि थंडाव्याची शिल्लक

जुलै 2019 मध्ये बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली; प्रवाशांची रात्र गाडीतच गेली. कुळगावहून व्हॅनने निघालेले आपण असेच अडकलो आणि सोबत इन्शुलिन असेल तर? न उघडलेल्या कुप्या 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवायच्या असतात. त्या गोठताही कामा नयेत.

हिशेब करून पाहू. 12 व्होल्टचा लहान फ्रीज चालू असताना 45 वॅट घेतो आणि तासातून 20 मिनिटे चालतो असे धरू. सरासरी 15 वॅट, म्हणजे दिवसाला 360 वॅट-तास. 12 ने भागले की 30 अँपिअर-तास. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केली तर लवकर खराब होते. म्हणून 60 अँपिअर-तासांची बॅटरी हवी, तीही वेगळी. नाहीतर सकाळी इंजिनच सुरू व्हायचे नाही. 100 वॅटचा सौर फलक स्वच्छ उन्हात ही तूट भरून काढील, आषाढातल्या ढगांत नाही.

मग स्वस्त उपाय कोणता? विजेऐवजी थंडावा साठवणे. एक किलो बर्फ वितळताना सुमारे 334 किलोज्यूल, म्हणजे 93 वॅट-तास उष्णता शोषतो. आरोग्य केंद्रांतील बर्फाचे अस्तर असलेले फ्रीज याच तत्त्वावर, दिवसाला आठ तास विजेवरही लस सांभाळतात. घरी गोठवलेल्या दोन बाटल्या फ्रीजमध्ये ठेवल्या की बॅटरीवरचा भार हलका होतो. मात्र कुपी बर्फाला टेकू देऊ नये, आणि आत तापमापक हवाच.

वर्गात थर्मासमध्ये बर्फ आणि तापमापक ठेवून विद्यार्थ्यांना दर तासाला नोंद करू द्यावी. सुप्त उष्णता त्यांना आलेखातच दिसेल.